नळ चालू होता

९ फेब्रुवारी

लाडक्या बटणास,

कपड्यांच्या घडीवरच हे पत्र ठेवते आहे, तू बोर्डिंगात होतीस तेव्हा ठेवायचे तसंच. तेव्हा तू पत्र तेवढं ओढून घ्यायचीस आणि कपडे पलंगाखाली ढकलायचीस, असं तुझ्या वॉर्डनबाईंनी मला सांगितलं होतं. आता तरी घडी मोडू नकोस. खळ अगदी बेताची घातली आहे, तुझ्या मानेला टोचणार नाही.

अगं, जाते म्हणायची काही रीत असते की नाही? सकाळी भट्टी पेटवून आत आले तर खोली रिकामी. पांघरुणाची घडी मात्र झकास घातली होतीस, लाँड्रीवालीची भाची शोभलीस. आणि माझे ढगळ कपडे अंगात अडकवून गेलीस ते! तुझे आतोबा म्हणतात, उशीच्या अभ्र्यात छत्री घालून ठेवल्यासारखी दिसली असेल पोरगी. 'मैत्रिणीकडे सुखरूप पोचले' एवढी एक ओळ धाडलीस म्हणून पत्ता तरी कळला. नाहीतर मी कुठे शोधणार होते?

तुझा पांढरा शर्ट आणि काळी पँट सोबत आहे. दोन्ही धुऊन, इस्त्री करून अगदी नव्यासारखे झालेत.

परवा हॉटेलचा गठ्ठा पोचवायला गेले तर मॅनेजरसाहेब स्वतः मागच्या दारापर्यंत आले. 'भाची दिसत नाही, तब्येत बरी आहे ना?' म्हणाले. रिसेप्शनवरची तुझी जागा अजून भरलेली नाही. एवढं कोण करतं आजकाल? मी सांगितलं, थोडी कसर होती अंगात, येईल लवकरच. मी शब्द टाकला म्हणून तुला तिथे घेतलं, हे विसरू नकोस बाई. माझ्या शब्दाची लाज राख.

कुणाशी काही वाजलं असेल, कुणी काही बोललं असेल, मी विचारत नाही. नोकरी म्हटली की थोडंफार चालायचंच. जे असेल ते धुऊन निघालं असं समज, हे कपडे अंगावर चढव आणि सोमवारी कामावर हजर हो. आतोबांनी तुझ्यासाठी बटणांचा डबा नीट लावून ठेवला आहे. लहानपणी काउंटरवर बसून सगळी हरवलेली बटणं रंगांप्रमाणे लावायचीस ना, तोच डबा. आता आलीस की पुन्हा विस्कट.

तुझी आत्या


२१ फेब्रुवारी

आत्या,

पार्सल मिळालं. मी ते उघडलेलं नाही. तुझं पत्र दोरीखालून ओढून घेतलं, म्हणजे सवय गेली नाही.

मी सोमवारी हजर होणार नाही. कुठल्याच सोमवारी होणार नाही. का ते तुला सांगायचं आहे आणि फोनवर सांगता येणार नाही. फोन मी बंद करून टाकला आहे, कारण तुझे मॅनेजरसाहेब त्यावर सारखे माझी तब्येत विचारत होते.

त्या दिवशी दुपारी पाळी बदलायच्या वेळेला त्याने मला चादरींच्या खोलीत अभ्रे मोजायला पाठवलं. रिसेप्शनच्या मुलीला अभ्रे मोजायला का पाठवतो, असं माझ्या मनात आलं होतं. पण तो तुझ्या ओळखीचा. लहानपणी मी तुझ्याबरोबर गठ्ठे न्यायला यायचे तेव्हा मला चॉकलेट द्यायचा. मागोमाग तो आला आणि त्याने दाराला आतून कुलूप लावलं. आत्या, त्याने माझ्यावर बलात्कार केला. फडताळावरची खुणेच्या शाईची बाटली पडली, तिचा केवढा तरी आवाज झाला. कुणी आलं नाही. मग तो टाय नीट करून निघून गेला आणि जाताना म्हणाला, शाई सांडलीस ती पूस.

मी पुसली. हे मला सगळ्यात जास्त लागतं. मी खरंच खाली बसून ती शाई पुसली.

तिथून माझे पाय आपोआप तुझ्याकडे वळले. तू दार उघडलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, 'जा, आधी आंघोळ कर, कपडे बाहेर टाक.' मी टाकले. मग बाथरूमच्या फरशीवर बसून राहिले. पलीकडे तू धूत होतीस. नळ मोठा सोडला होतास. मी मनात म्हणत होते, नळ बंद झाला की हाक मारीन. नळ काही बंद होईना, आणि मग माझा धीर गेला. सकाळी तू भट्टीकडे गेल्यावर मी निघाले. चूक माझीच. मी काही बोललेच नाही, तर तुला कुठून कळणार?

इथे एक मदत केंद्र आहे. मैत्रीण मला तिथे घेऊन गेली. तिथल्या ताईंनी आधी मला डॉक्टरकडे नेलं, मग समोर बसून सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही 'पण तू ओरडली का नाहीस' असं म्हणाल्या नाहीत. मीच विचारलं, मी का ओरडले नाही? त्या म्हणाल्या, माणूस त्या वेळी दगडासारखं थिजून जातं, त्यात तुझा काही दोष नाही. हे मला रोज सकाळी पुन्हा समजून घ्यावं लागतं.

मी तक्रार करणार आहे. ताई म्हणाल्या, त्या संध्याकाळी तुला कुणी पाहिलं असेल तर त्या माणसाचा जबाब फार मोलाचा. मला तर तूच पाहिलंस. त्यांनी कपड्यांबद्दलही विचारलं. मी म्हटलं, आत्याची लाँड्री आहे, तिच्या हातात आलेलं काही न धुतलेलं राहत नाही. तुला माहीत नव्हतं, तू तरी काय करणार. पण मी कशी आले, कशी दिसत होते, एवढं सांगशील ना?

बटण


२ मार्च

बटण,

तुझं पत्र दुकानातच वाचलं. काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं, त्याचे कपडे भलत्याच नंबरात बांधले. त्या मेल्याचे हात झडोत. माझ्या हातचा चहा प्यायलेला माणूस! आतोबांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे, चेष्टा करता करता एकदम पेट घेतील आणि काहीतरी करून बसतील.

बाळा, मला काय कल्पना! माझं कसं, कपडा हातात पडला की तो टबात. बघायचं नाही, विचारायचं नाही, सगळा जन्म यातच गेला. मला वाटलं, कामावर दमलीस, कुणी रागावलं, रडून मोकळी होईल. तू एक शब्द, एकच शब्द बोलली असतीस तर गोष्ट वेगळी झाली असती. मी नळ काय, सगळं टाकून धावत आले असते.

तक्रारीचं म्हणशील तर जरा शांत डोक्याने विचार कर. मी त्याची बाजू घेत नाही, असं मनातसुद्धा आणू नकोस. पण तो मोठा माणूस. लोक त्याला सोडतील आणि तुला धरतील. तिथे का गेली, एकटी का गेली, असले प्रश्न विचारून हैराण करतील. आणि आपलं बोलायचं तर हॉटेलच्या चादरींवरच आपल्या भट्ट्या पेटतात. इस्त्रीवरच्या दोघी बायकांची घरं त्यावर चालतात. हे मी माझ्यासाठी म्हणत नाही.

जबाबाचं तर काही खरंच नाही. मी काय सांगणार? आलीस, आंघोळ केलीस, झोपलीस. याच्यापलीकडे मी काही पाहिलंच नाही, तर उगाच खोटं कशाला बोलू? दादाच्या कानावर मात्र यातलं काही घालू नकोस. तुझी आई गेल्यापासून तो आधीच खचलेला आहे. हे ऐकून तो उभा राहायचा नाही.

माझं ऐक, इकडे निघून ये. दुसरीकडे कुठेतरी तुझ्यासाठी शब्द टाकते. आणि ते पार्सल राहू दे. आता उघडूच नकोस. त्या कपड्यांकडे बघून तुला त्रास होईल. तसंच परत पाठव, मी कुणा गरजू मुलीला देऊन टाकीन.

आत्या


१० मार्च

आत्या,

तू उघडू नकोस म्हणालीस म्हणून उघडलं.

शर्ट सुंदर धुतला आहेस. डाव्या खांद्याची शिवण उसवली नव्हती, कापडच फाटलं होतं. तिथे तू इतके बारीक टाके घातलेस की मला बोटाने चाचपून शोधावे लागले. वरची दोन बटणं नवी आहेत. खरं म्हणजे जुनी आहेत, आपल्या डब्यातली. तूच शोधून लावलीस, अगदी त्याच पांढऱ्या रंगाची. सगळ्या डब्यात तशी तेवढीच असतील.

आणि पाठीवर शाई नाही.

मी सांडलेल्या शाईत पडले होते, आत्या. पूर्ण पाठ निळी होती. खुणेची शाई जात नाही, म्हणून तर चादरींवर तिने नंबर घालतात. हे मला कुणी शिकवलं? मी सात-आठ वर्षांची असताना त्या शाईने माझ्या फ्रॉकवर फूल काढलं होतं, तेव्हा तू म्हणालीस, 'हे आता फ्रॉक फाटेल तेव्हाच जाईल.' ती शाई तू घालवलीस. ती बघायचं नाही, विचारायचं नाही आणि टबात टाकायचं, अशी जात नसते. ती घालवायला बसावं लागतं.

तू पाहिलं होतंस. दार उघडलंस तेव्हाच पाहिलं होतंस. तरी मला लिहिलंस, 'तू एक शब्द बोलली असतीस तर.'

बाबांना मी सांगितलं. ते उभे राहिले. माझे बूट पुसून दारात ठेवले आणि म्हणाले, 'निघायचं?' पोलीस ठाण्यात मी आत होते तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर बसून होते. आता ते इथेच राहतात, आणि त्यांच्या हातचं करपलेलं मी मुकाट्याने खाते.

तक्रार झाली. शर्ट ताईंनी कागदाच्या पिशवीत घालून ठाण्यात दिला. धुतलेला असला तरी फाटल्याची खूण टाक्यांखाली आहे, म्हणाल्या. जबाबात मी एवढंच सांगितलं की त्या संध्याकाळी मी एका नातेवाइकांकडे गेले होते. तुझं नाव दिलेलं नाही. द्यायचं की नाही ते तू ठरव.

मला इतक्यात लिहू नकोस.


१४ मार्च

बटण,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे. फाडून टाकायचं असेल तर टाक, पण आधी वाच.

हो. पाहिलं होतं.

तू दारात उभी होतीस, दोन्ही हातांनी शर्ट पुढून धरून. तू वळलीस तेव्हा पाठीवरची शाई दिसली. ती शाई हॉटेलात कुठे असते ते मला माहीत आहे, आणि त्या खोलीची किल्ली कुणाच्या खिशात असते तेही. क्षणात सगळं कळलं, बटण. कळायला तू बोलायची गरजच नव्हती. आणि कळल्याबरोबर माझ्या मनात काय आलं असेल? हे लिहायला हात धजत नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता चादरी जातील. तुझा विचार त्याच्यानंतर आला. फार नंतर नाही, पण नंतर.

मग मी ते कपडे घेऊन धुण्याच्या खोलीत बसले. तुझ्या रडण्याचा आवाज भिंतीतून येत होता. म्हणून मी नळ मोठा सोडला. कपड्यांना एवढं पाणी लागत नव्हतं. तुझा आवाज कानावर पडू नये म्हणून सोडला. तू हाक मारायची वाट बघत होतीस आणि मी तू हाक मारू नयेस याची.

शाई जात नाही हे खरं. पण जन्मभर या धंद्यात काढून मी एक उपाय बसवला आहे. कुणाला सांगितलेला नाही, आतोबांनासुद्धा नाही. कापड न जाळता थोडं थोडं करत उतरवावं लागतं. सबंध संध्याकाळ त्यातच गेली. आणि एक वेळ आली, शेवटची निळी कड उठली आणि खालचं पांढरं वर आलं. तेव्हा मला बरं वाटलं, बटण. काम जमल्यावर वाटतं तसं बरं वाटलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड डाग मी काढला आणि माझी मलाच शाबासकी दिली. तू भिंतीपलीकडे होतीस. बाकीचं सगळं मी भीतीच्या नावावर खपवीन, पोटाच्या नावावर खपवीन, पण ते बरं वाटणं कुठे खपवू? डोळे मिटले की ती निळी कड उठताना दिसते आणि स्वतःची किळस येते.

मग टाके घातले, बटणं शोधली. मनाला सांगत होते, पोरीसाठी करते आहे, सकाळी तिच्यापुढे नीटनेटका शर्ट ठेवला की तिलाही वाटेल काही झालं नाही. काही झालं नाही असं वाटण्याची गरज तुला नव्हती. ती मलाच होती. आणि वर, तू बोलली असतीस तर, असं लिहून सगळं तुझ्याच माथी मारलं.

आज आतोबांना सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि मागच्या दाराने निघून गेले. परत आले ते माझ्याशी बोलले नाहीत. बोलायला लागले की विचारतील, 'मग काय करायचं ठरवलंस?' म्हणून त्यांच्या आधी तुलाच सांगते. नाव दे. माझं नाव दे.

आत्या


३० मार्च

बटण,

तुझं पत्र आलं नाही, पण पाकीट आलं. आत नुसतं केंद्राचं पत्रक. अत्याचार झाला तर काय करावं, कपडे धुऊ नका, कागदात गुंडाळून ठेवा, आधी डॉक्टर, आणि केंद्राचा नंबर. हे छापलेलं. आणि अगदी खाली तुझ्या अक्षरात शाईने लिहिलेली एक ओळ: 'धुतले असतील तरीही या.' ती ओळ वाचून मी काउंटरमागे बसून रडले. तू मला एवढ्यात माफ करशील असं वाटलं नव्हतं गं. माझ्यापेक्षा तुझं मन मोठं आहे.

जबाब देऊन आले. जायच्या दिवशी सकाळी पाहते तर माझे कपडे इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेले. आतोबा अजून अबोला धरून होते, पण दाराला कुलूप लावून माझ्याबरोबर चालू लागले. वाटेत फक्त म्हणाले, 'कॉलर मी दोनदा केली, वाकवू नकोस.' तेवढ्याने मला चालायला बळ आलं.

अधिकारी बाई होत्या. विचारलं, 'कळलं होतं तरी धुतलेत?' मी म्हटलं, हो. 'का?' मी म्हटलं, त्या हॉटेलच्या चादरी मला हव्या होत्या. लिहून घेणाऱ्याचं पेन थांबलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. लाज वाटली, पण ती आता वाटायलाच हवी. नळाचंही सांगितलं. मग लिहून घेणाऱ्याने जबाब वाचून दाखवला, त्यात होतं 'घाईगडबडीत कपडे धुतले.' मी म्हटलं, साहेब, घाई नव्हती. सगळी संध्याकाळ घालवली आणि शाई उतरवली, तसं लिहा. तो म्हणाला, यात तुमचंच नुकसान आहे. मी म्हटलं, नुकसान आधीच झालंय, आणि माझं नाही. खोडून पुन्हा लिहून घेतलं, मग सही केली.

बाईंनी स्पष्टच सांगितलं. तुम्ही धुतलं नसतं तर काम पुष्कळ सोपं होतं. आता त्याचे वकील म्हणतील, आत्या भाचीसाठी खोटं बोलते. मी म्हटलं, खोटंच बोलायचं असतं तर स्वतःला बरं दाखवलं नसतं का? त्या हसल्या नाहीत, पण ते वाक्यही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलची गाडी आली नाही. त्याच्यानंतरही नाही. एक भट्टी बंद केली. इस्त्रीवरची एक बाई दुसरीकडे गेली, जाताना मला नाही नाही ते बोलली. दुसरी थांबली आहे. तिने कारण सांगितलं नाही. हॉटेलात तो रजेवर आहे असं ऐकते. बघ, 'साहेब' लिहिणार होते. जिभेची सवय जाता जात नाही.

पत्रक काउंटरच्या भिंतीला डकवलं तर वाफेने लगेच सुटून पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. शेवटी आतोबांनी चार खिळे असे ठोकले की आता भिंत पडेल पण कागद पडायचा नाही. गिऱ्हाइकं वाचतात. पुरुष वाचून छताकडे बघतात. बायका कपडे मोजायचं सोंग करत वाचतात. काल एका मुलीने तळहातावर नंबर लिहून घेतला. मी पाठ फिरवून हँगर लावत बसले, म्हणजे तिला वाटावं मी पाहिलं नाही. मग वाटलं, हेच तर मी तेव्हा केलं. वळले. पण तोवर ती गेली होती.

तुझ्या त्या ओळीने मला जीव दिला आहे. आता रोज ती वाचूनच भट्टी पेटवते.

आत्या


९ एप्रिल

आत्या,

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ती ओळ तुझ्यासाठी नव्हती. केंद्रातल्या सगळ्या पत्रकांवर मी ती हाताने लिहिते आहे, पुढच्या छपाईत ती येईल. कपडे धुऊ नका एवढंच वाचून किती तरी मुली घरीच बसतात. त्यांना वाटतं आपण धुतलं, म्हणजे आता आपलं कुणी ऐकणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून ती ओळ. तुला पाठवलं ते पाकिटं भरताना तुझा पत्ता लिहावासा वाटला म्हणून. त्याचा अर्थ माझा मलाही नीट लागलेला नाही.

'माफ केलं' असं लिहून पाहिलं. अक्षर चांगलं आलं, पण खोटं वाटलं. मग 'कधीच माफ करणार नाही' असं लिहिलं. तेही खोटं वाटलं. दोन्ही कागद बाबांनी चूल पेटवायला नेले.

तू जबाबातलं वाक्य खोडून घेतलंस, ते मी परत परत वाचलं. ठाण्यातल्या बाईंनी तुझा जबाब ताईंना सांगितला. ताई म्हणाल्या, शर्टापेक्षा हा जास्त उपयोगी पडेल. पुढे काय होईल ते कुणालाच माहीत नाही. तो जामिनावर आहे. तारखा पडतील. मी प्रत्येक तारखेला जाणार आहे, आणि तुलाही यावं लागेल.

मी शर्टासाठी रागावले असते तर सोपं होतं. शर्ट गेला तर गेला. शाई गेल्याचाही राग येऊन गेला. तुला बरं वाटलं ते वाचून अंगावर काटा आला, पण तू ते लिहिलंस म्हणून बाकीच्यावर विश्वास बसला. जे जात नाही ते वेगळंच आहे. आजही कुठे नळ जोरात सुटला की मला त्या फरशीवर बसल्यासारखं होतं. इथे बाबा भांडी घासायला लागले की मी बाहेर जाऊन उभी राहते. त्यांना अजून कारण सांगितलेलं नाही.

काल तुझी सगळी पत्रं ओळीने लावून वाचली. तू काय पाहिलंस, तू काय केलंस, तुला काय वाटलं, तुला काय खातं, तुझा जीव कशाने वाचला, सगळं लिहिलं आहेस. बारीकसारीक, तुझ्या टाक्यांसारखं. पहिल्या पत्रात म्हणालीस, मी विचारत नाही. ते मात्र तू इमानाने पाळलंस. त्यानंतरच्या एकाही पत्रात तू मला काहीच विचारलेलं नाहीस.

मी त्या दिवशी तुझ्या दारात तेवढ्यासाठीच आले होते.

बटण


१२ एप्रिल

बटण,

काय झालं होतं, बाळा? आणि आता कशी आहेस?

सुचेल तसं लिही. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांब. आता नको वाटलं तर पुढे कधीतरी लिही, आणि मुळीच लिहायचं नसेल तर तारखेच्या दिवशी बाकावर तुझ्या शेजारी नुसती बसेन. मी काही बोलणार नाही. ऐकणार आहे.

नळ बंद केला आहे.

आत्या